इंग्रजीचा सराव आणि घरांतला मोबाइल



सावद्यासारख्या केळीच्या गांवांतील एका निवृत्त प्राथमिक शिक्षकानें इंग्रजीच्या शिक्षणावर बोलावें, याचें आपणांस नवल वाटेल. आणि तें शिक्षण मोबाइलच्या साहाय्यानें कसें द्यावें हें त्यानें सांगावें, याचें तर अधिकच नवल वाटेल. माझें स्वतःचें शिक्षण १९७४ सालच्या अकरावी मॅट्रिकपर्यंत झालें. पुढें शिक्षकाची पदविका घेऊन रावेर तालुक्यांतील जिल्हा परिषदेच्या शाळांतून मीं जवळजवळ चाळीस वर्षें मुलें शिकविलीं. इंग्रजीचा पंडित मी नव्हे. तथापि या विषयावर बोलण्याचा अधिकार मला माझ्याच एका चुकीनें दिला आहे, आणि ती चूक आरंभींच सांगून टाकणें बरें.

पूर्वी मराठी शाळांत इंग्रजी पांचवीपासून शिकवीत असत. २००० सालीं, रामकृष्ण मोरे हे शिक्षणमंत्री असतांना, ती पहिलीपासून सुरू झाली, आणि माझ्यासारखे कितीतरी प्राथमिक शिक्षक एका जून महिन्यांत इंग्रजीचे शिक्षक झाले. मी स्वतः इंग्रजी शिकलों तो तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेवरून. शब्द पाठ, नियम पाठ, भाषांतरहि बऱ्यापैकीं अचूक; परंतु सहजपणें इंग्रजी बोलणारा मनुष्य मॅट्रिक होईपर्यंत माझ्या कानांवर पडला नव्हता. बुधवाराच्या इंग्रजी नांवांतील अक्षरें ध्यानांत राहावीं म्हणून आम्हीं तो शब्द ‘वेड-नेस-डे’ असा घोकला होता, आणि तसाच मीं तो निवृत्त होईपर्यंत सोळा वर्षें मुलांना शिकविला.

२०२० च्या मार्च महिन्यांत करोनाच्या सांथीमुळें शाळा बंद झाल्या. माझी सात वर्षांची नात तेव्हां ओट्यावर बसून मोबाइलमधील एका अॅपवर इंग्रजी गोष्टी मोठ्यानें वाचीत असे. एके दिवशीं ती या शब्दापाशीं अडली. मीं सांगितलें, ‘वेडनेसडे.’ तिनें तसें म्हटलें. यंत्रानें तें मानलें नाहीं. पुन्हा म्हटलें, तरीहि नाहीं. मग तिनें शब्दावर बोट ठेवलें आणि आंतून आवाज आला, ‘वेन्झ्डे’. नात म्हणाली, “आबा, तुम्हीपण म्हणून पाहा ना.” मीं म्हणून पाहिलें. प्रथम लाज वाटली. सोळा वर्षांतील सारे वर्ग डोळ्यांपुढें उभे राहिले. नंतर मनांत आलें कीं, हें साधन २००० सालीं माझ्या हातीं असतें तर किती बरें झालें असतें!

हें साधन काय करूं शकतें, काय करूं शकत नाहीं, आणि सुशिक्षित घरांनीं तें कसें वापरावें, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे.

आपल्याकडे इंग्रजी शिकली गेली ती मुख्यतः डोळ्यांनीं. भाषा ही वस्तुतः आधीं कानांत शिरते, मग जिभेवर येते आणि शेवटीं कागदावर उतरते. मातृभाषा आपण याच क्रमानें शिकतों. इंग्रजीच्या बाबतींत आपण हा क्रम उलटा केला, आणि म्हणून पत्र चांगलें लिहिणारा मनुष्य चार वाक्यें बोलतांना घामाघूम होतो. ही उणीव भरून काढण्याचा एक मोठा प्रयत्न रेडिओनें केला. बी.बी.सी.नें ‘इंग्लिश बाय रेडिओ’ ही पाठांची मालिका १९४३ सालीं सुरू केली. आपल्या महाराष्ट्रांत पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेनें मराठी शाळांतील मुलांसाठीं ‘वी लर्न इंग्लिश’ ही ध्वनि-पाठमाला तयार केली. तींतील निवेदक प्रश्न विचारून क्षणभर थांबतो आणि त्या अवकाशांत वर्गांतील मुलांनीं उत्तर द्यावयाचें असतें. २००९ सालीं बांगलादेशांत बी.बी.सी.नें ‘जानाला’, म्हणजे खिडकी, हा उपक्रम काढला. साध्या मोबाइलवरून तीन हजार हा क्रमांक फिरविला कीं कांहीं मिनिटांचा इंग्रजी पाठ ऐकूं येई. त्यासाठीं महागडा फोन लागत नसे.

या सर्व प्रयत्नांत एक उणीव मात्र राहिली होती. निवेदक बोलत असे, परंतु मुलाचें उत्तर त्याला ऐकूं येत नसे. मुलानें बरोबर म्हटलें कीं चूक, हें समजावयास शेजारीं जाणता मनुष्यच लागे. आतांच्या अॅपमध्यें नवें काय असेल तर हेंच, कीं यंत्र बोलतें आणि ऐकतेंहि. गूगल कंपनीनें मार्च २०१९ मध्यें भारतांत ‘बोलो’ नांवाचें अॅप काढलें, त्यालाच पुढें ‘रीड अलाँग’ असें नांव मिळालें. मूल गोष्ट मोठ्यानें वाचतें, अॅपमधील ‘दिया’ नांवाची चित्रांतली मुलगी तें ऐकते, अडल्यास शब्द सांगते आणि बरोबर आल्यास शाबासकी देते. गोष्टी एकदां उतरवून घेतल्या कीं इंटरनेट नसतांनाहि तें चाले, हा खेड्यांतील मुलांना मोठाच आधार झाला.

हें ऐकणें घडतें कसें? आवाज म्हणजे हवेंतील कंप. मोबाइलमधील मायक्रोफोन ते टिपून त्यांचें आंकड्यांत रूपांतर करतो. यंत्र एका सेकंदाच्या आवाजाचे सुमारें शंभर बारीक तुकडे पाडतें. पूर्वी हजारों माणसांचे मुद्रित आवाज पुरवून त्याला कोणत्या ध्वनीचा आकार कसा असतो हें शिकविलेलें असतें. त्या ओळखीवरून प्रत्येक तुकडा कोणत्या ध्वनीचा असण्याचा संभव अधिक, हें तें ठरवितें. शेवटीं ऐकूं आलेला शब्द आणि पुस्तकांतील शब्द ताडून पाहून तें निकाल देतें. म्हणजे येथें समजूत नाहीं. केवळ अंदाज आहे. हा अंदाज बहुधा बरोबर येतो, परंतु नेहमीं नाहीं. लहान मुलांचा आवाज बारीक असतो, बाजूला दूरदर्शन चालू असतें, रस्त्यावरून ट्रॅक्टर जातो, आणि बोलणाऱ्याची धाटणी यंत्रानें पूर्वी ऐकलेली असेलच असें नाहीं. त्यामुळें बरोबर म्हणणाऱ्या मुलालाहि तें कधीं कधीं चूक ठरवितें. यंत्राचा निकाल हा न्यायालयाचा निकाल नव्हे, हें पालकांनीं ध्यानांत ठेवावें.

अशा अॅपांचें दुसरें बळ उजळणींत आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञानें निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून विस्मरणाचा अभ्यास केला आणि त्याचे निष्कर्ष १८८५ सालीं प्रसिद्ध केले. पाठ केलेल्यापैकीं पुष्कळसें पहिल्या कांहीं तासांतच निसटतें, पुढें विसरण्याचा वेग मंदावतो, आणि अंतरा-अंतरानें केलेली उजळणी एका बैठकींतल्या घोकंपट्टीपेक्षां अधिक टिकते, असें त्याला आढळलें. चांगलें अॅप हेंच तत्त्व राबवितें. जो शब्द मुलाला आला, तो तें कांहीं दिवसांनीं विचारतें. जो चुकला, तो लगेच पुन्हां समोर आणतें. आमच्या भागांत पूर्वी केळीच्या बागेंत पाट फोडून पाणी सोडीत. बरेचसें पाणी वाहून जाई. आतां ठिबकनें रोज थोडें थोडें, मुळापाशींच देतात. रविवारीं तीन तास इंग्रजी आणि मग आठवडाभर कांहीं नाहीं, हें पाटाचें पाणी होय. रोजचीं पंधरा मिनिटें हें ठिबक होय.

परंतु या दोहोंहून मोठा गुण मला निराळाच वाटतो. यंत्राला हंसतां येत नाहीं. आमच्या वर्गांत मूल इंग्रजी शब्द चुकलें कीं पांच मुलें खदखदून हंसत, आणि तें मूल पुन्हां महिनाभर तोंड उघडीत नसे. शिक्षकहि दमलेला, चाळीस मुलें सांभाळणारा. तिसऱ्या चुकीला त्याच्या कपाळावर आठी पडे. माझ्याहि पडे. यंत्राच्या कपाळावर आठी पडत नाहीं. शेजारची एक लाजाळू मुलगी, जी शाळेंत नांव विचारलें तरी खालीं पाही, ती गच्चीच्या जिन्यांत बसून एकच वाक्य वीस वेळां म्हणतांना मीं ऐकली आहे. शिक्षणांत भीतीनें जें नुकसान होतें त्याची नोंद कोणत्याहि प्रगतिपुस्तकांत होत नाहीं. तें नुकसान कमी करणारें साधन कोणाहि शिक्षकानें आदरानेंच पाहिलें पाहिजे.

आतां दुसरी बाजू पाहूं. माझ्या ओळखीच्या एका मुलाचे एका अॅपवर हजारों गुण जमले होते. सलग कित्येक दिवस त्याचा खंड पडला नव्हता, आणि वडील तो आंकडा येणाऱ्या-जाणाऱ्यास दाखवीत. मीं त्याला इंग्रजींतून विचारलें, ‘आज सकाळीं तूं काय खाल्लेंस?’ तो माझ्या तोंडाकडे पाहतच राहिला. जणुं माझ्या कपाळावर चार पर्याय उमटतील आणि त्यांतील एकावर त्याला बोट ठेवतां येईल! पर्याय ओळखणें निराळें, आणि रिकाम्या मनांतून वाक्य उभें करणें निराळें. भाषा ही कोणाला तरी कांहीं तरी सांगण्याच्या गरजेंतून येते. यंत्राला आपण काय खाल्लें याची उत्सुकता नसते, हें मुलालाहि कळतें.

शिवाय यंत्र चूक सांगतें, पण बहुधा कारण सांगत नाहीं. मराठींतील ‘व’ हा इंग्रजींतील दोन ध्वनींच्या मध्यें कोठें तरी उभा आहे. इंग्रजींत एका ‘व’ साठीं ओठांचा चंबू करावा लागतो, तर दुसऱ्यासाठीं, ज्याला आपण ‘व्ह’ असें लिहितों, वरचे दांत खालच्या ओठाला टेकवावे लागतात. म्हणून पश्चिम दिशा ‘वेस्ट’ आणि अंगांत घालावयाची बंडी ‘व्हेस्ट’, हा भेद आपल्या मुलांना अवघड जातो. यंत्र दहा वेळां ‘पुन्हां म्हणा’ म्हणेल. शिक्षक मात्र आपले ओठ दाखवील आणि काम एका मिनिटांत होईल. व्याकरणाचेंहि तसेंच. आपण ‘तो जातो, ती जाते’ असें म्हणतों; इंग्रजी क्रियापद लिंगाप्रमाणें बदलत नाहीं, दोघांसाठीं ‘गोज’ एकच. उलट मुलानें ‘ही गो’ असें म्हटलें, तर तें ‘स’ विसरलें ही चूक यंत्राला दिसेल. मराठीशीं ताडून ती मुलाला समजावून देण्याचें काम मात्र मराठी जाणणारा माणूसच सहज करूं शकतो. यास्तव इंग्रजी शिकतांना मराठी ही अडचण नसून पायरी आहे.

मोबाइलमध्यें अभ्यासाच्या शेजारींच करमणूक बसलेली असते, हेंहि विसरतां येत नाहीं. ‘असर’ या पाहणीच्या २०२४ च्या अहवालांत ग्रामीण भारतांतील १४ ते १६ वर्षांच्या मुलांचा विचार केला आहे. त्यांतील सुमारें ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरतां येत होता. अशा मुलांपैकीं आधींच्या आठवड्यांत शिक्षणासाठीं तो वापरणारीं सुमारें ५७ टक्के होतीं, आणि समाजमाध्यमांसाठीं वापरणारीं सुमारें ७६ टक्के. आंकडे बोलके आहेत. त्यावर भाष्य नको.

आणखी एक धोका पैशाचा. आमच्या गल्लींतील केळीच्या गाड्या भरणाऱ्या एका मजुराच्या घरीं एक विक्रेता आला. मुलगा सहा महिन्यांत फडाफड इंग्रजी बोलेल, असें सांगून त्यानें एका अॅपची वर्षभराची वर्गणी हप्त्यांनीं गळ्यांत मारली. पाठ सारे इंग्रजींतून, उच्चार परदेशी, उदाहरणें बर्फाचीं आणि समुद्रकिनाऱ्याचीं. मुलाला कांहीं कळेना. तिसऱ्या आठवड्यांत अभ्यास थांबला. हप्ते मात्र चालूच राहिले. मजूर मला म्हणाला, “गुरुजी, पोरगं ढ आहे का हो?” पोरगें ढ नव्हतें. त्याला समजणाऱ्या भाषेंतून कोणी बोललेंच नव्हतें.

मग हें साधन वापरावें कसें? याचें उत्तर चांगल्या शिक्षकांनीं दिलेलेंच आहे. सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेंतील रणजितसिंह डिसले यांनीं पाठ्यपुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड, म्हणजे मोबाइलनें वाचावयाचे ठसे, छापले. ठशावर मोबाइल धरला कीं त्याच धड्याचा आवाज वा चित्रफीत उघडे. या कामासाठीं त्यांना डिसेंबर २०२० मध्यें जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि दहा लक्ष डॉलरच्या पारितोषिकांतील अर्धी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांना वांटून दिली. केंद्र सरकारचें ‘दीक्षा’ हें अॅप २०१७ सालीं निघालें. बालभारतीच्या पुस्तकांवरील ठसे त्याच्याच साह्यानें उघडतात. २०१६ सालीं महाराष्ट्र शासन, टाटा ट्रस्ट्स आणि ब्रिटिश कौन्सिल यांनीं ‘तेजस’ हा उपक्रम आरंभिला. त्यांत इंग्रजी शिकविणारे प्राथमिक शिक्षक लहान लहान गटांनीं भेटत, आणि भेटींमधील दिवसांत व्हॉट्सअॅपवर एकमेकांना विचारीत. या उदाहरणांत मोबाइल हा माणसाच्या जागीं बसलेला नाहीं. तो मूल आणि पुस्तक, किंवा शिक्षक आणि शिक्षक, यांच्या मधोमध ठेवलेला आहे. मला सांगावयाचें तें हेंच.

म्हणून गृहिणींना आणि गृहस्थांना माझ्या चार सूचना आहेत. पहिली अशी, कीं अॅप निवडतांना मुलाला तें बोलावयास लावतें कीं नुसतें बोट लावावयास सांगतें, हें पाहावें. अवघड भाग मराठींतून समजावणारें, इंटरनेटविना चालणारें आणि जाहिराती वा पैशाची मागणी मधें न आणणारें अॅप मिळाल्यास तें अधिक बरें. दुसरी, रोज पंधरा मिनिटें, ठरल्या वेळीं, आणि घरांतील मोठें माणूस जवळ असतांना. तिसरी सर्वांत महत्त्वाची. पंधरा मिनिटें झालीं कीं मोबाइल पालथा ठेवावा आणि मुलानें आज शिकलेल्या शब्दांपैकीं तीन शब्द घेऊन स्वतःविषयीं तीन वाक्यें बोलावीं. तीं पुस्तकांतल्या राजाविषयीं नसावींत. आपल्या घराविषयीं, गाईविषयीं, आजीच्या गुडघ्यांविषयीं असावींत. चौथी, मुलाचा आवाज मोबाइलमध्येंच मुद्रित करून महिन्यानें त्याला ऐकवावा. स्वतःची प्रगति स्वतःच्या कानांनीं ऐकल्यावर मुलाला गुणांच्या आंकड्यांची मातब्बरी राहत नाहीं.

येथें कोणी माउली म्हणेल, “मला इंग्रजी येत नाहीं, मी काय करूं?” तिला माझें सांगणें असें, कीं आपण मराठींतूनच विचारावें: “काय वाचलेंस? गोष्टींत पुढें काय झालें? या शब्दाला आपण काय म्हणतों?” मूल इंग्रजी गोष्ट मराठींत सांगूं लागलें कीं तिला ती समजली आहे कीं नाहीं हें आपणांस लगेच कळतें, आणि सांगतां सांगतां त्याचीहि समजूत पक्की होते. शिवाय आईला शिकविण्याचा मान मिळाला कीं मूल दुप्पट उत्साहानें शिकतें. माझ्या नातीनें आपल्या आजीला आठवड्याचे सातहि वार असेच शिकविले, आणि बुधवार आमच्या घरांत आतां कोणी चुकत नाहीं.

हा विषय मला एवढा जिव्हाळ्याचा कां वाटतो, तें सांगून मी थांबतों. इंग्रजी यावी या एकाच आशेनें आमच्या भागांतील कितीतरी आईबाप ऐपतीबाहेरची फी भरून मुलांना इंग्रजी माध्यमाच्या शाळांत घालतात, आणि गांवच्या मराठी शाळेचे वर्ग रिकामे होत जातात. मुलाला घरीं लेवा बोली, वर्गांत न समजणारी इंग्रजी, आणि मराठी कोठेंच धड नाहीं, अशी स्थिति होते. सातपुड्याच्या पायथ्याच्या तडवी मुलांना तर शाळेंतील मराठी हीच दुसरी भाषा. त्यांच्यावर इंग्रजीचा भार एकदम टाकणें म्हणजे पायऱ्या काढून घेऊन माडीवर चढावयास सांगणें होय. इंग्रजी लागते, हें मी नाकारीत नाहीं. तिचा व्यवहारांतील उपयोग मोठा आहे, आणि गरिबाच्या मुलाला ती मिळालीच पाहिजे. परंतु तिच्यासाठीं मराठी सोडावी लागते, ही समजूत चुकीची आहे. पूर्वी निदान एवढें म्हणतां येत असे, कीं मराठी शाळेंत शुद्ध उच्चार कानीं पडत नाहींत. ती उणीव माझ्यासारख्यांनींच निर्माण केली होती. आज ती भरून काढणारें साधन बहुतेक घरांत आहे. शाळा मराठी, समजूत मराठी, आणि इंग्रजीचा सराव या हातांतल्या सोबत्याबरोबर, पण माणसाच्या देखरेखीखालीं, हा मार्ग आतां मोकळा आहे. तो आपण निवडावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.